दुरुस्तीला आलेला पाय

पाय जेवणाच्या टेबलावर आडवा पडला होता, आणि इस्टेटीच्या वाटणीच्या दिवशी बसली होती तशीच घरातली माणसं त्याच्याभोवती बसली होती. फरक एवढाच, की वाटणीच्या दिवशी सगळे एकदम बोलत होते आणि आज कुणी तोंड उघडत नव्हतं. या घराचा इतिहास पाहता हे लक्षण काही बरं नव्हतं.

गुडघ्याखालचा डावा पाय. वर पेला, म्हणजे माणसाचा उरलेला पाय जिथे बसतो ती खोबण, मधे पोटरी, खाली पाऊल आणि पावलात चढवलेला काळा बूट. पोटरी लाकडाची होती. हल्ली लाकूड कोण वापरतं? ही पोटरी घरातल्या थोरल्या ताईच्या वडिलांनी, हातापायांचा हा कारखाना काढणाऱ्यांनी, स्वतः कोरली होती. तेव्हा लढाईचं नाव नव्हतं. नदीपलीकडची माणसं सकाळच्या बसने इकडे यायची, कामं उरकायची आणि संध्याकाळी परत जायची. दगडाच्या खाणीत पाय गमावलेला एक तरुण असाच आला होता. तो पुढे पलीकडच्यांचा पुढारी झाला आणि आता त्याच्या शब्दावर तोफा चालत होत्या.

लढाईतही हे काम बंद पडलं नव्हतं. एक मदतसंस्था पलीकडचे मोडके हातपाय पेटीत घालून इकडे आणायची आणि नीट करून घेऊन परत न्यायची. दोन्ही सरकारांनी त्याला मान्यता दिली होती. कुठल्याच हातापायावर नाव नसायचं. पण परवा नुसता पट्टा बदलायला आलेला हा पाय पेटीतून निघाला तेव्हा नावाची गरज पडली नाही. वडिलांच्या पटाशीची खूण या घरातली माणसं अंधारात बोटांनी ओळखतात.

आणि पेटीच्या मागोमाग, आज सकाळी, हातवाले साहेब आले.

साहेब हेरखात्यातले. सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. उजवा हात कोपराखाली याच कारखान्यातला होता, त्यामुळे त्यांना घरात 'हातवाले' म्हणत आणि ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी टेबलावर एक पत्र्याची डबी ठेवली. डबीत काडेपेटीएवढी एक वस्तू होती.

"पोटरीत बसवा," ते म्हणाले होते. "पुढचं आम्ही बघू. एकच अट आहे. पट्टा सोडून पायात काही म्हणजे काही बदललेलं जाणवता कामा नये. घातला की त्याला वाटलं पाहिजे, हा पाय आपण काढलाच नव्हता. संध्याकाळी मी न्यायला येतो."

ते गेले, आणि डबी पायाशेजारी तशीच राहिली.

"सांगून टाक रे तुझं कायद्याचं एकदाचं," ताई अखेर मुलाला म्हणाली. "नाहीतर पोट दुखेल तुझं."

ताईचा मुलगा वकील. पायांच्या घरात जन्मून त्याने कधी कानस हातात धरली नव्हती, आणि त्याबद्दल त्याला दर जेवणाला एक तरी टोमणा बसायचा. त्याने चष्मा पुसला.

"कायदा या बाबतीत स्पष्ट आहे," तो म्हणाला. "जो लढाई चालवतो तो लढणाराच. मग तो खंदकात असो नाहीतर खुर्चीत. सेनापतीनं गणवेश काढून कोट घातला म्हणून तो भाजीवाला होत नाही. अशा माणसाला टिपून मारणं म्हणजे खून नव्हे."

"झालं तर मग," ठिणगी म्हणाली.

ठिणगी ही ताईची भावजय. हे नाव तिला सासऱ्यांनी ठेवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात, आणि ते चिकटलं. तिचा नवरा, ताईचा धाकटा भाऊ, शेजारी बसला होता. त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला वजन बांधलेला ओळंबा गवंड्याच्या खिशात असतो तसा त्याच्या खिशात कायम असे. पाय उभा करायचा, गुडघ्यापासून दोरी सोडायची आणि टाच कुठे पडते ते बघायचं, हे त्याचं काम. शहरातली निम्मी लंगडी माणसं त्याच्यामुळे सरळ चालत होती. तो टेबलावरच्या डबीकडे बघत होता.

"थांब, मामी," वकील म्हणाला. "पण..."

"आला याचा पण," ताई म्हणाली. "अर्धी फी त्या पणचीच घेतोस."

"आई, ऐक तर. येत्या आठवड्यात तो बोलणी करायला येतोय. आपल्याच सरकारनं त्याला अभय दिलंय. शब्द देऊन बोलवायचं आणि दाराशी उडवायचं, याला कुठल्याही पुस्तकात चांगलं नाव नाही. आणि दुसरं, हा पाय म्हणजे तोफ नव्हे. हे औषधाच्या बाटलीसारखं आहे. बाटलीत विष घालायचं नाही, हे लढाईतसुद्धा..."

"बाजारावर गोळे पडले तेव्हा तिथे सैनिक होते, असं म्हणाला होता तो रेडिओवर," ठिणगी मधेच म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी स्वतः ऐकलंय. बाजारात सैनिक होते म्हणे. माझा मुलगा बकलं आणायला गेला होता. पट्ट्यांची बकलं. त्याला शब्द कुणी दिला होता रे? त्याला अभय?"

वकिलाने मान खाली घातली. मामेभाऊ आणि तो एका बाकावर शिकले होते.

"तसं नाही गं," ताई म्हणाली. "तो वाईट आहे की चांगला, हा प्रश्नच नाहीये. त्याची बाजू कोण घेतंय? पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज त्याच्या पायात घातलं. उद्या आपल्या मंत्र्याच्या दातात ते घालतील. परवा कुठल्या दवाखान्यात कोण कशाला जाईल?"

"वन्सं," ठिणगी म्हणाली, "तुमचा मुलगा इथे बसून कलमं सांगतोय. माझा कुठाय?"

वडील गेल्यावर कारखाना ताईने चालवला, भावाचं लग्न तिने लावलं, लढाईत दोन्ही सरकारांशी तिने भांडून परवाने मिळवले. आता तिने भावाकडे पाहिलं. ओळंब्याचं बोट पत्र्याच्या डबीवर होतं, आणि त्याला काय हवंय ते तिला न विचारताच कळलं. ते तिला पटणारं नव्हतं. पण ती ताई होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी कारखान्यात मोठी आहे, तुमच्या दुःखात नाही. तुम्हा दोघांचा मुलगा गेला. या पोरीचा नवरा गेला. तुम्ही तिघं ठरवा. मी आड येणार नाही."

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. कारखान्यात साचे घ्यायचं काम तिचं; नखांत प्लास्टर गेलेलं, हात कोपरापर्यंत पांढरे. ती म्हणाली, "मला विचार करायचाय."

"विचार करायला काय राहिलंय?" ठिणगी म्हणाली.

ओळंबा उठला. त्याने एका हातात पाय घेतला, दुसऱ्या हातात डबी, आणि जिना उतरून खालच्या खोलीत गेला. दाराची कडी लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.

•

दुपारभर घर कान लावून बसलं होतं.

ठिणगीने स्वयंपाकघरातली घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. सून तिच्या शेजारी उभी राहून ती पुसत होती. दोघींचं एकमेकींशी कधी फार जमलं नव्हतं. एकाच माणसासाठी रडताना दोन बायकांचं जमतं, असं लोक समजतात. तसं काही नसतं. पण दोघी एकमेकींना सांभाळून होत्या.

"ड्रिल चालू झालं," सून म्हणाली.

"हं."

थोड्या वेळाने ड्रिल थांबलं. ठिणगीचा हात पातेल्यात थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

"तुला सांगते," ती सुनेकडे न बघता म्हणाली, "तो गेल्यापासून हे माझ्याजवळ बसलेले नाहीत. जेवले की खाली. लोकांचे पाय, लोकांच्या टाचा. मी म्हटलं, बोला काहीतरी, रडा, ओरडा. तर म्हणतात, उद्या एका पोराचा पाय द्यायचाय. मला वाटतं, हे एकदा होऊन जाऊ दे. त्या माणसाची बातमी एकदा कानावर येऊ दे. मग तरी वर येतील."

सुनेने ताट पुसून ठेवलं. तिला सासूला काही सांगायचं होतं. गेल्या थंडीत मदतसंस्थेच्या गाडीतून पलीकडची एक बाई साचा द्यायला आली होती. ती थरथरत होती. सुनेने ओल्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या, आणि ती बाई एकाएकी शांत होऊन चक्क झोपून गेली. शत्रूच्या शहरात, अनोळखी बाईच्या हातात पाय देऊन झोपली. तो प्रसंग आठवला की सुनेला अभिमान वाटायचा, आणि लगेच नवऱ्याची आठवण येऊन स्वतःचा रागही यायचा. हे सगळं सासूला कसं सांगायचं, ते तिला कळेना.

खालून दुसरा आवाज येऊ लागला. खर्र, खर्र. थांबून पुन्हा खर्र.

सुनेने मान वर केली. "आई, ही कानस आहे."

"मग?"

"ती वस्तू बसवायला कानस कशाला लागेल?"

ठिणगीला कारखान्यातलं काही कळत नसे, किंवा कळत नाही असं ती दाखवत असे. पण सुनेने कधी उगाच काही विचारलं नव्हतं. दोघी ऐकत राहिल्या. कानस थांबली, मग बारीक पॉलिशपेपर फिरल्यासारखा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालला.

•

ओळंबा वर आला तेव्हा उजेड अजून भरपूर होता. त्याने पाय टेबलावर उभा केला. बाहेरून पाहिलं तर पोटरी जशी होती तशीच होती. वडिलांच्या पटाशीच्या खुणाही तशाच. चोख काम होतं.

"झालं," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

ताईने पाय उचलला. हे तिने मुद्दाम केलं नाही. या कारखान्यातून पाय बाहेर जायचा तो तिच्या गालाला लागूनच जायचा. वडिलांच्या वेळी त्यांच्या गालाला लागून जात असे. हाताची कातडी कामाने राठ होते, तिला खरखर कळत नाही, गालाला कळते, असं ते म्हणायचे. पेल्याची आतली कड तिने गालावर फिरवली आणि ती थबकली. पुन्हा फिरवली.

"इथे एक उंचवटा होता," ती म्हणाली. "परवा पेटीतून काढला तेव्हा होता. त्याला टोचत असणार तो."

"हो, होता," ओळंबा म्हणाला. "घासला मी."

"का?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. "का म्हणजे? टोचत होता ना."

ताईने पाय पुन्हा टेबलावर उभा केला. मग तिने भावाच्या खिशातून त्याचाच ओळंबा काढला आणि दोरी गुडघ्यापासून सोडली. वजन डोलत डोलत थांबलं. बरोबर मधोमध थांबलं.

"परवा हा बाहेर झुकत होता," ती म्हणाली. "बोटभर. बुटाची टाच बघ, बाहेरून कशी झिजलीय. किती वर्षं तसाच चालला असेल तो. आता सरळ आहे."

ओळंबा बूट बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते पाहणाऱ्याला बघवत नव्हतं.

"मी ते बसवलं," तो हळूहळू म्हणाला. "बसवून बंद केलं. मग उभा करून बघितला. टाच झिजलेली दिसली. मी म्हटलं, हा बाहेर टाकतोय पाऊल. मग पाचर काढली, कोन बदलला. मला... माझ्या लक्षातच आलं नाही, ताई. मी त्याचाच विचार करत होतो. आपल्या पोराचा. पूर्ण वेळ त्याचाच. हात काय करत होते ते..."

वकिलाला आधी कळलं. "साहेबांची एकच अट होती," तो म्हणाला. "काही बदलायचं नाही."

"पहिल्या पावलाला कळेल त्याला," सून म्हणाली. "इतक्या वर्षांनी दुखलं नाही तर माणसाला लगेच कळतं. मग आत काय केलंय ते तो उघडून बघणारच."

ठिणगी नवऱ्याकडे बघत होती. आणि मग ती हसली. सुरुवात हसण्याने झाली, पुढे ते हसणं राहिलं नाही. तिने पदराने तोंड दाबलं.

"मारायला दिला होता ना तुमच्याकडे?" ती म्हणाली. "अहो, मारायला दिला होता! आणि तुम्ही त्याची चाल सुधारून दिलीत?"

"पुन्हा बिघडवता येईल," वकील म्हणाला. खरं तर त्याला ते नको होतं, पण सवयीने तो दुसऱ्या पक्षाची बाजूही मांडत असे. "मामा, पाचर परत घाला. होता तसा वाकडा करा."

ओळंब्याने कानस घेतली. खरंच घेतली. पाय मांडीवर आडवा धरला. त्या खोलीतल्या कुणीही त्याला अडवलं नसतं, ताईनेसुद्धा नाही; तिने शब्द दिला होता. कानस पेल्याच्या कडेवर टेकली आणि तिथेच राहिली.

"बाबा, ठेवा ती," सून म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती.

"मी विचार केलाय," ती म्हणाली. "त्या माणसाला मारावं असं मला वाटतं. आजही वाटतं. उद्या सैन्यानं त्याच्या छावणीवर बॉम्ब टाकला आणि तो मेला, तर मी रडणार नाही. चांगलं झोपेन. ज्यानं बाजारावर हुकूम सोडला त्याला टिपायलाच हवं, भाऊजी म्हणतात ते खरंय. पण हा पाय आपल्याकडे आलाय, म्हणजे तिकडे तो एका पायावर खाटेवर बसलाय. कुबडीनं मोरीपर्यंत जातोय. आपल्या भरवशावर बसलाय, बाबा. आपल्या आजोबांच्या. तो त्याच्या हुकमाचा राजा असेल, पण पाय काढून दिला की तो आपल्या रांगेतला माणूस असतो. रांगेतल्या माणसाला मी हात लावते तो मारायला नाही."

"आणि माझा पोरगा?" ठिणगी म्हणाली. "त्याचं काय? ज्याची तू..."

"आई, तो पट्टे करायचा," सून म्हणाली. "बकलं आणायला गेला होता. अशाच पेटीतल्या पायांना लावायची होती. पलीकडच्या पायांना."

हे ठिणगीला माहीत नव्हतं. सुनेने इतके दिवस एकटीने ते पोटात ठेवलं होतं. ठिणगी खाली बसली. मग तिने हात पुढे करून नवऱ्याच्या हातातली कानस काढून घेतली.

"मला तो मेलेलाच हवाय," ती म्हणाली. "हे आज सांगते आणि मरेपर्यंत सांगेन. कुणी मला क्षमा वगैरे शिकवू नका. पण यांच्या हातून नको. यांनी हे केलं तर मग हे हात घेऊन हे कुठे जातील? मला यांचे हात घरात हवेत. काढा ते बाहेर."

ओळंब्याने पोटरी उघडली.

•

हातवाले साहेब ठरल्याप्रमाणे संध्याकाळी आले. टेबलावर डबी होती, डबीत वस्तू होती, आणि शेजारी पाय. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि बसले. रागावले नाहीत. हीच त्यांची भीती वाटण्याजोगी गोष्ट होती.

"मी कारण विचारू शकतो?" ते म्हणाले.

"तुम्ही आधी तुमचं सांगा," ताई म्हणाली. "सकाळी घाईत होतात."

"माझं सोपं आहे. एक माणूस. तो नसेल तर त्यांच्यात फूट पडेल, आणि फूट पडली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे संपेल. तुमच्या दारातली रांग बघता ना रोज? ती रांग थांबवायची आहे मला. पलटणीच्या पलटणी मारण्यापेक्षा एकाला मारणं मला जास्त माणुसकीचं वाटतं. साध्या शिपायांना मारलेलं चालतं आणि त्यांना पाठवणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने तो स्वतःशी विचारलेला होता. वकिलाने उत्तर दिलं, आणि चष्मा न पुसता दिलं.

"त्याला लढाईत मारा, साहेब. मी तुमचं वकीलपत्र घेईन. पण तो बोलायला येतोय तेव्हा मारलात, तर त्यानंतर बोलायला कोण येईल? लढाई संपवायची सही कुणाची तरी लागते. फूट पडलेल्या दहा टोळ्यांकडून तुम्ही कुठकुठे सह्या घ्याल?"

"तो बोलणी करेल यावर तुमचा विश्वास आहे?"

"नाही," वकील म्हणाला. "पण आपल्या शब्दावर आहे."

साहेब ताईकडे वळले. "ताई, सैन्याचं काम या कारखान्याला मिळतं ते माझ्या शिफारशीनं. तेही तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे की. काढून घ्या," ताई म्हणाली. "पायांशिवाय माणसं राहतील, त्यांना तुम्हीच सांगा का ते. मी रांगेत उभं राहून ऐकेन."

साहेब किंचित हसले. त्यांना ही बाई आवडायची. डबी डाव्या हाताने उचलून ते निघाले, आणि कोट चढवताना उजव्या मनगटाशी अडखळले.

ओळंब्याचं लक्ष गेलं. दिवसभर एवढं होऊनही गेलं.

"पट्टा सैल झालाय तुमचा," तो म्हणाला. "आणा इकडे. मिनिटाचं काम आहे."

साहेबांनी सवयीने हात पुढे केला. बकल सुटलं, हात निम्मा निघाला, आणि मग त्यांचा खांदा मागे गेला. अगदी थोडा. त्यांनी ओळंब्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हातातल्या डबीकडे.

"बघितलंत?" ताई म्हणाली. "इतकी वर्षं हा हात काढून देताना तुम्ही कधी मागे सरलात का? आमच्यापैकी कुणी आत काय घालेल, असं मनात तरी आलं का? आज आलं. नुसतं बोलणं झालं तरी आलं. मी एवढंच म्हणत होते."

साहेब उभे राहिले तसेच राहिले. मग त्यांनी उरलेली बकलं स्वतः सोडली आणि हात ओळंब्याच्या हातात दिला. पट्टा आवळून होईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. जाताना ते कुणाशी बोलले नाहीत. सैन्याचं काम मात्र त्यांनी काढून घेतलं नाही, हे या घराने त्यांच्या खात्यावर कायम लिहून ठेवलं.

पुढच्या पेटीतून पाय परत गेला. त्या पुढाऱ्याचा शेवट पुढे कसा झाला ती निराळी गोष्ट. तो कुणाच्या हातून झाला हे मात्र या घराला कधी स्वतःला विचारावं लागलं नाही.

•

बोलण्यांच्या दिवशी दुकानं बंद होती आणि टीव्ही सगळीकडे चालू होते. गाडीचं दार उघडलं. तो उतरला. अंगात साधा कोट, केस पांढरे झालेले. साऱ्या जगाने त्याचा चेहरा पाहिला असेल. या घराने बूट पाहिले.

पायऱ्या चढायच्या होत्या. ओळंबा टीव्हीपुढे उभा होता, हात खिशात, खिशातल्या दोरीवर. पहिली पायरी. दुसरी. पुढाऱ्याने मधेच थांबून खाली, स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. शेजारच्या रक्षकाला वाटलं त्याला आधार हवा, त्याने हात पुढे केला. तो हात बाजूला सारून पुढारी चढत राहिला.

"टाच सरळ पडतेय," ओळंबा म्हणाला.

वकिलाला शाबासकी द्यावीशी वाटली, पण त्याने जीभ आवरली. सून भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे कोरडे होते.

"आता दुखत नसेल ना त्याला?" ठिणगीने विचारलं.

ओळंब्याने बायकोकडे पाहिलं. खोटं बोलावं असं क्षणभर त्याला वाटलं असेल. "नाही," तो म्हणाला. "नाही दुखणार."

ठिणगी उठली आणि तिने टीव्ही बंद केला. खालच्या दारावर कुणीतरी थाप मारत होतं. सुट्टीच्या दिवशीही कुणाचा तरी पाय मोडतोच. ओळंबा नेहमीप्रमाणे जिन्याकडे वळला.

"खाली ती जाईल," ठिणगी सुनेकडे हात करून म्हणाली. "सगळ्यांच्या टाचा बघून झाल्या. आता इथे बसा माझ्याजवळ. माझं दुखतंय."

सून खाली गेली. ओळंब्याने खिशातला ओळंबा काढून टेबलावर ठेवला, आणि तो बसला.